अब्बांसोबत निघोजला

भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथ चालवलेले अब्बा कधी सहलीला आले नाहीत. 'गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या,' म्हणायचे. आम्हीही फार आग्रह केला नाही. गेल्या डिसेंबरात मात्र त्यांना गाडीत बसवलेच.

पुण्याहून शिरूरमार्गे निघोज सुमारे 90 किलोमीटर. तिथे कुकडी नदीने काळ्या बसाल्ट खडकात अरुंद घळ कोरली आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे एकाच जागी गरगरत राहिले आणि खडकात रांजणासारखे खोल खळगे पडले.

मुले काठावर गेली. अब्बा पुलावरच कठडा धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'सुबहानल्लाह! हे तर बोअरिंग. आमच्याकडे जॉब फिरायचा, इथं हत्यार फिरलंय.' मग नातवंडांना जवळ बोलावून त्यांनी पहिल्यांदाच आपल्या कामाविषयी भरभरून सांगितले. चटई अंथरून सर्वांनी जोहरची कसर नमाज अदा केली.

पावसाळ्यात तिथे जाऊ नका; ओला खडक फार निसरडा असतो. वडीलधाऱ्यांना पुलावरूनही सारे नीट दिसते. वालिदैनची खिदमत आम्ही औषधपाण्यापुरतीच समजत होतो. त्यांना सोबत नेणेही त्यातच येते.