‘मुक्ता मीडियम’वर बी दाबण्याआधी

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देखणा देवनागरी फॉन्ट सात वजनांत, म्हणजे अक्षरांच्या सात जाड्यांत मिळतो, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. पण विंडोजवरच्या वर्डमध्ये एका नावाखाली चारच प्रकार मावतात: रेग्युलर, इटॅलिक, बोल्ड, बोल्ड इटॅलिक. म्हणून ‘मुक्ता मीडियम’, ‘मुक्ता सेमीबोल्ड’ यादीत वेगळ्या फॉन्टसारखे दिसतात. खरी गोम पुढे आहे. साध्या ‘मुक्ता’वर ठळक करण्याचं बी (B) बटण दाबलं की मूळ आरेखनातला बोल्ड येतो. ‘मीडियम’ला असा जोडलेला बोल्ड नसेल, तर तीच अक्षरं फुगवून ठळक केली जातात. मग लहान आकारात ‘क्ष’, ‘ह्म’ यांच्या फटी बुजतात आणि छापल्यावर मजकूर अगदी गचाळ दिसतो. तेव्हा ठळक हवं असेल तर बी दाबू नका, यादीतून थेट ‘मुक्ता सेमीबोल्ड’ निवडा.