छाप्याचे फळ

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीला एके काळी वेढून असलेली आणि आज तुकड्यातुकड्यांनी उरलेली तटबंदी औरंगजेबाने १६८२ साली बांधवून घेतली. ज्या बादशहाच्या पदरी त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी फौज आणि सर्वांत भरलेला खजिना होता, त्याला आपल्या दक्षिणेच्या राजधानीभोवती तट घालण्याची निकड का भासावी, हा प्रश्न जिज्ञासू वाचकाने अवश्य विचारावा. आदल्याच वर्षाच्या आरंभी, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला पुरता महिनाही लोटला नसता, हंबीरराव मोहित्यांच्या घोडदळाने बुऱ्हाणपूरच्या संपन्न पुऱ्यांवर धाड घातली होती. मराठ्यांनी तेथे ठाणे बसविले नाही. लूट घेऊन ते निघून गेले. परंतु मोगली मुलखातील कोणतेही शहर आता निर्धास्त राहिले नाही, ही धास्ती त्यांनी मागे ठेवली, आणि तिचे मोल बादशहाला दगडचुन्याच्या रूपाने मोजावे लागले. ज्या राजाच्या फौजेच्या भयाने हा तट उभा राहिला, त्याचेच नाव आज या शहराला लाभले आहे.

छाप्याने मागे ठेवलेल्या अशा धास्तीचे याहून शुद्ध उदाहरण ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचे. दक्षिणेचा सुभेदार शाएस्तेखान औरंगाबादेहून, म्हणजे याच शहरातून, प्रचंड फौजेनिशी निघून पुण्यास लाल महालात तळ देऊन बसला होता. शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी थेट त्याच्या जनानखान्यात शिरले. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, आणि छापा घालणारे अंधारातच निसटले. तोफा, हत्ती, रसद, सारे जागच्या जागी होते. मोगली संख्याबळात त्या रात्री जी घट झाली ती नगण्य होती. तरीही खान औरंगाबादेस परतला, बादशहाने संतापून त्याची बंगालच्या सुभ्यावर रवानगी केली, आणि पुढील जानेवारीत महाराजांनी सुरतेवर चाल केली. घाव बोटांवर बसला, पण मोडली ती सुभेदाराची प्रतिष्ठा, आणि रयतेच्या मनातली मोगलांच्या अजिंक्यपणाची समजूत.

विमान आल्यावर या जुन्या युद्धकर्माला नवे साधन मिळाले, तत्त्व मात्र तेच राहिले. १९४२ च्या वसंतात अमेरिकेची अवस्था शोचनीय होती. पर्ल हार्बरचा आघात ताजा होता, सिंगापूर आणि रंगून जपानच्या हाती गेले होते, आणि ९ एप्रिलला फिलिपीन्समधील बटान येथील सैन्याने शरणागती पत्करली होती. त्यानंतर नवव्या दिवशी, १८ एप्रिलला, लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली सोळा बी-२५ बाँबफेकी विमाने आणि ऐंशी माणसे ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून निघाली आणि टोकियो, योकोहामा, नागोया, कोबे या शहरांवर बाँब टाकून चीनच्या दिशेने गेली. जपानी टेहळणी नौकेच्या दृष्टीस पडल्यामुळे त्यांना नियोजित स्थानापूर्वीच उड्डाण करावे लागले होते. इंधन पुरले नाही, पंधरा विमाने नष्ट झाली आणि सोळावे रशियाच्या भूमीवर उतरून अडकून पडले. कारखान्यांची हानी लवकरच भरून निघण्याजोगी होती. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार सरळ तोट्याचा दिसतो, आणि स्वतः डूलिटल यांनाही आपल्यावर आता लष्करी खटला चालणार असेच वाटले होते. मिळाले ते देशाचे सर्वोच्च शौर्यपदक.

याचे कारण उघड आहे. महिनोन्‌महिने केवळ पराभवाच्या वार्ता वाचणाऱ्या प्रजेला आपला हात शत्रूच्या राजधानीपर्यंत पोचतो हे कळणे, ही युद्धकाळात अन्नवस्त्राइतकीच मोठी गरज असते. परंतु स्वजनांचा हा उत्साह अल्पायुषी असतो. पुढची पराभवाची वार्ता तो विझवून टाकते. म्हणून अशा हल्ल्याचे खरे माप मी शत्रूच्या खलबतखान्यात शोधतो. सम्राटाच्या नगरीवर बाँब पडल्याची अप्रतिष्ठा जपानी सेनापतींच्या मनाला इतकी झोंबली की मिडवेवरील मोहिमेला उरलासुरला विरोधही मावळला. आणि जूनच्या आरंभी त्या मोहिमेत जपानची चार विमानवाहू जहाजे समुद्रतळाशी गेली. १९४० च्या ऑगस्टअखेर ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर टाकलेल्या बाँबांनीही फारसे काही उद्ध्वस्त केले नव्हते. पण हिटलरचा क्रोध अनावर झाला, ७ सप्टेंबरपासून जर्मन विमानदलाचा मोर्चा लंडनकडे वळला, आणि जेरीस आलेल्या ब्रिटिश विमानतळांना श्वास घ्यायला उसंत मिळाली. या दोन्ही निर्णयांमागे इतर कारणेही होती, हे इतिहासकार सांगतात आणि ते रास्त आहे. तथापि अपमानित मन तोलून विचार करीत नाही, हेही तितकेच खरे.

या शस्त्राची धार आपणही सोसली आहे. ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बाँब पडले. विध्वंस मर्यादित, पण मद्रासेतून माणसांचे लोंढे अंतर्भागाकडे निघाले आणि सरकारी कचेऱ्याही हलविण्यात आल्या. इंग्रज सरकार आपले रक्षण करील या भरवशाला तडा जाण्यास तेवढे पुरे झाले.

आता या यशाची दुसरी बाजू, जी शौर्यकथा सांगताना बहुधा वगळली जाते आणि वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. डूलिटलच्या वैमानिकांना चिनी शेतकऱ्यांनी घरात लपविले, खाऊ घातले, सुरक्षित स्थळी पोचविले. चीनचे नेते चॅंग कै-शेक यांना जपानच्या सूडाची भीती आधीपासून वाटत होती आणि ती अक्षरशः खरी ठरली: जपानी फौजांनी जेजियांग आणि जियांगशी प्रांतांत गावेच्या गावे जाळली, रोगजंतू पसरविले, आणि या मोहिमेत बळी पडलेल्या चिनी नागरिकांची संख्या सुमारे अडीच लाख सांगितली जाते. टोकियोवर बाँब टाकण्याची मसलत ज्यांनी केली नाही, ज्यांना तिची वार्ताही नव्हती, त्यांनी अमेरिकन मनोधैर्याचे मोल आपल्या प्राणांनी चुकविले. अशा हल्ल्याची तजवीज करणाऱ्याने प्रत्याघात कोणाच्या दारावर कोसळेल याचा विचार आधी केला पाहिजे. तो न करता मिळविलेला जयघोष मला निर्भेळ वाटत नाही.

या कसोटीवर १४ डिसेंबर १९७१ चा ढाक्यावरील हल्ला पाहण्यासारखा आहे. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर डॉ. मलिक यांच्या निवासस्थानी उच्चस्तरीय बैठक असल्याची बातमी भारतीय हेरखात्याने टिपली, आणि विंग कमांडर बिश्नोई यांच्या मिग-२१ विमानांनी, हाताशी असलेल्या पर्यटकांच्या नकाशावरून इमारत हुडकून, तिच्यावर रॉकेटे डागली. पाकिस्तानी सैन्याच्या बळात त्यामुळे फरक पडला नाही. पण गव्हर्नरसाहेबांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि रेडक्रॉसच्या संरक्षणाखालील हॉटेल इंटरकॉन्टिनेन्टलमध्ये आश्रय घेतला. या घावाला तात्काळ फळ आले, कारण भारतीय सेना आणि मुक्तिवाहिनी ढाक्याच्या वेशीशी येऊन ठेपल्या होत्या. घाबरलेल्या मनाला सावरण्यास अवधीच मिळाला नाही. दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी यांनी शरणागतीपत्रावर स्वाक्षरी केली.