तुमचा गाइड कोण?

"मॅडम, टेन्शनच घेऊ नका. थिसिसपण आपल्याच पॅकेजमध्ये आहे."

फोन स्पीकरवर होता, टीपॉयवर चहाच्या बशीला टेकवून ठेवलेला. पलीकडची मुलगी बोलायला मोठी गोड. समोर बसलेली माझी जुनी विद्यार्थिनी एका हाताने अडीच वर्षांच्या पोराला बिस्किटाच्या पुड्यापासून लांब ठेवत होती आणि दुसऱ्या हाताने वहीत आकडे उतरवत होती. साडेतीन लाख, तीन हप्ते. पहिला पंच्याहत्तर हजारांचा, तो शनिवारच्या आत. डिग्री दीड वर्षात. एकदाही यायची गरज नाही, व्हायवासुद्धा झूमवर.

"युजीसी अप्रूव्ह्ड आहे ना?" तिनं विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट, मॅडम. नॅकपण आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, तर पोरानं डाव साधून पुडा ओढला आणि फोन बशीवरून खाली पडला. त्या दिवशीचं संभाषण तिथंच संपलं.

कुर्डुवाडीत माझ्याकडं लोक दोन कामांसाठी येतात. एक, पुण्याची वेटिंग लिस्ट कन्फर्म होईल का, कारण माझा मावसभाऊ रेल्वेत आहे. दुसरं, "सर, स्वस्तात पीएचडी कुठं होईल, घरबसल्या?" नोकरी करत, अर्धवेळ, सहा वर्षं रखडत का होईना मी ती केली आहे, एवढाच माझा अधिकार. पहिल्या कामात मी कधीच उपयोगी पडलो नाही. दुसऱ्यात थोडाफार पडतो.

ही माझी विद्यार्थिनी इतिहासाची एम. ए. जून २०२५ च्या सत्रात नेट पास झाली, कॅटेगरी दोनमध्ये. म्हणजे सहायक प्राध्यापक व्हायला पात्र, शिवाय पीएचडी प्रवेशासाठीही तो स्कोअर चालतो. जून २०२४ पासून युजीसीनं नेटच्या निकालाचे असे तीन भाग पाडलेत. गंमत अशी, की सहायक प्राध्यापकाची पात्रता आयुष्यभर टिकते, पण पीएचडी प्रवेशासाठी तोच स्कोअर एकच वर्ष चालतो. त्या वर्षाचं घड्याळ तिच्या डोक्यात टिकटिकत होतं. एजंट लोकांना हे घड्याळ बरोबर ऐकू येतं.

"पण पीएचडी हवीच कशाला?" मी मुद्दाम विचारलं. १ जुलै २०२३ पासून युजीसीनं सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक, असं करून टाकलंय.

"सर, कागदावर ऐच्छिक आहे," ती म्हणाली. "मुलाखतीच्या यादीत बघा."

तिचं बरोबर होतं. २०१८ च्या युजीसी नियमावलीत कॉलेजच्या जागेसाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं, त्याचा गुणतक्ता आहे. त्यात पीएचडीला २५ गुण, नुसत्या नेटला ८, सेटला ५. एका जागेला शंभर अर्ज आले की ८ गुणवाला दारापर्यंतही पोचत नाही. ती दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन तासाच्या हिशोबानं ठरतं, हातात पडतं ते सहा-आठ महिन्यांनी. अशा माणसानं "स्वस्त" आणि "घरबसल्या" हे दोन शब्द शोधले, तर त्याला हसू नये.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशन रोडच्या झेरॉक्सच्या दुकानातून एजंटनं पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या पीडीएफच्या प्रिंट काढून घेऊन आली. आम्ही त्या टीपॉयवर पसरल्या. सोनेरी कडा, राजमुद्रेसारखं काहीतरी, खाली तीन शिक्के. मी तिला म्हटलं, आधी हे तीन शिक्के वेगवेगळे वाच.

पहिला, 'युजीसी मान्यताप्राप्त'. युजीसीच्या साइटवर त्या विद्यापीठाचं नाव खरंच होतं. पण ती मान्यता विद्यापीठाला आहे. त्या विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी चालते का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर २०२० च्या ऑनलाइन व दूरशिक्षण नियमावलीत आहे: पीएचडी या दोन्ही पद्धतींनी देता येत नाही. बी. ए., एम. ए., एम. बी. ए. ऑनलाइन होतात, युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर वर्षवार यादी असते. त्या यादीत आम्ही दोघांनी मिळून पीएचडी शोधली. नव्हती. नसणारच. दुसरा शिक्का नॅकचा. नॅक अख्ख्या संस्थेला श्रेणी देतं, त्यानं पदवीची पद्धत कायदेशीर होत नाही. तिसरा शिक्का कुठल्याशा परदेशी ॲक्रेडिटेशन कौन्सिलचा. त्या कौन्सिलला कुणी मान्यता दिली, हे शोधत गेलो तर तिच्यासारख्याच दुसऱ्या एका कौन्सिलनं. गावातल्या दोन सावकारांनी एकमेकांना जामीन राहावं तसा प्रकार.

परदेशात ऑनलाइन डॉक्टरेट असते, हे मात्र खरं आहे. अमेरिकेत सरकारच्या शिक्षण खात्यानं मानलेल्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन असलेली विद्यापीठं ती देतात आणि तिथं ती चालते. पण ती स्वस्त नसते, आणि इथल्या प्राध्यापकीच्या मुलाखतीत तिचा काय उपयोग? ऑक्टोबर २०२२ मध्ये युजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी मिळून जाहीर सूचना काढली होती: एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून जी ऑनलाइन पीएचडी विकतात, ती मान्य नाही. सूचना एका पानाची आहे. ती प्रिंट काढून आमच्या झेरॉक्सवाल्यानं काचेवर लावावी, असं मी त्याला सुचवलं. तो म्हणाला, "सर, त्या जाहिरातीच्या प्रिंटाच माझ्याकडं जास्त निघतात."

राहिला 'दीड वर्षात'चा मुद्दा. हा सगळ्यात सोपा. ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेल्या पीएचडी नियमावलीप्रमाणं कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं लागतातच. त्याच्या आत कुणी देतो म्हणाला तर पुढचं काही विचारायचं कारण नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठांनाही नियम मोडणं नडतं. जानेवारी २०२५ मध्ये युजीसीनं राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षं नवे पीएचडी प्रवेश देण्यास मनाई केली. ती तिन्ही विद्यापीठं युजीसीच्या यादीतलीच होती.

मी शहाणपण शिकवतोय खरा, पण २०११ च्या सुमारास मीही एका मध्यस्थाला टोकन म्हणून वीस हजार दिले होते. त्याच्या ऑफिसात एसी होता, भिंतीवर पदवीदान समारंभाचे फोटो होते, मला आणखी काय हवं होतं. पैसे परत आले नाहीत. बायकोला मी ते सोसायटीच्या हप्त्यात गेले म्हणून सांगितलं होतं. हा लेख तिनं वाचला तर वाचला.

तर मग खरी, स्वस्त आणि मान्य पीएचडी कुठं आहे? कुर्डुवाडीहून मोहोळमार्गे सोलापूरची एसटी धरली की शहराच्या अलीकडं केगावला उतरायचं, तिथं. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं, एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ; २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव. मी तिला घेऊन गेलो, कारण माहितीपत्रक मोबाइलवर वाचणं आणि पीएचडी विभागाच्या खिडकीसमोर उभं राहणं यात फरक आहे. खिडकीत आपल्याला आपला प्रश्न दोन वाक्यांत विचारता येतो का, ते कळतं. तिला पहिल्यांदा आला नाही. मागच्या माणसानं तिच्या वतीनं विचारला.

खरं सांगायचं तर या कामाचा निम्मा भाग आता ऑनलाइनच आहे. अर्ज ऑनलाइन. कोर्सवर्कच्या किमान १२ क्रेडिटांत सल्लागार समितीनं शिफारस केली तर मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्सही धरता येतात. जुने प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर फुकट वाचता येतात. मला एकेका प्रबंधासाठी पुण्याला जावं लागायचं. व्हायवाही कोरोनानंतर कित्येक ठिकाणी गुगल मीटवर झाल्या. जे ऑनलाइन मिळत नाही ते एकच: गाइड.

गाइडची यादी हे कागद म्हणून फार कंटाळवाणं, आणि फार महत्त्वाचं. तिच्यावर पेन्सिल घेऊन बसावं लागतं. प्राध्यापकाकडं एका वेळी आठ, सहयोगीकडं सहा, सहायककडं चार संशोधक, यापेक्षा जास्त चालत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आम्ही इतिहासाच्या यादीत एकेका नावासमोर खुणा करत गेलो. हे भरलेले, हे दोन वर्षांत रिटायर, यांचा विषय मध्ययुगीन. शेवटी तीन नावं उरली. त्यातले एकजण बार्शीचे. कुर्डुवाडीहून बार्शी म्हणजे शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं.

त्यांच्याकडं ती विषय ठरवून गेली होती, 'बार्शी लाइट रेल्वे'. आमच्या गावाला याहून जवळचा विषय नाही. १८५९ मध्ये जीआयपी रेल्वेचा मुख्य मार्ग इथवर आला तेव्हा या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. १८९७ ला इथून बार्शीला अडीच फुटी गेजची छोटी गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, पुढं लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत. मुलीचे आजोबा इथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते.

बार्शीच्या त्या सरांनी चहा मागवला. फाइल उघडलीसुद्धा नाही.

"हा विषय झाला," ते म्हणाले. "प्रश्न काय आहे तुझा?"

तिनं सिनॉप्सिसमधली उद्दिष्टं म्हणायला सुरुवात केली. अभ्यास करणे, आढावा घेणे, महत्त्व विशद करणे.

"ते सगळेच करतात. तुला काय माहीत नाही, जे तुला जाणून घ्यायचंय?"

ती गप्प झाली. पंखा फिरत होता, बाहेर तास संपल्याची घंटा झाली. मग ती म्हणाली, "सर, गाडी पंढरपूरला गेल्यावर बैलगाडीवाल्यांचं काय झालं? आजोबा सांगायचे, त्यांच्या वडलांनी बैल विकून कारखान्यात नोकरी धरली. सगळ्यांनीच धरली का?"

सरांनी तेव्हा फाइल उघडली. "जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८४ चं आहे," ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीच्या तेरा वर्षं आधीचं. त्यात रस्ते आहेत, बाजार आहेत, गाड्यांची वर्दळ आहे. तिथून सुरू कर. आणि आजोबांचं काय-काय आहे घरी?"

"पितळी बिल्ला आहे, नंबराचा."

"तो घेऊन ये पुढच्या वेळी."

साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं.

परतल्यावर तिनं वहीत दोन रकाने पाडले. एकीकडं एजंटचे हप्ते. दुसरीकडं प्रवेश, कोर्सवर्क, सहामाही शुल्क, प्रबंध सादर करण्याचं शुल्क, वर बार्शीचं एसटी भाडं, मुंबईच्या पुराभिलेखागाराच्या दोन फेऱ्या, टायपिंग, बाइंडिंग. विद्यापीठाचं सगळं शुल्क एजंटच्या पहिल्या हप्त्याच्या आत बसलं. मोठी रक्कम निघाली ती बुडणाऱ्या तासांची, कारण तासिकावाल्यानं सुट्टी घेतली की पैसे कापले जातात. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. अर्धवेळ पीएचडीला नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ. कायम प्राध्यापकाला हे पत्र दहा मिनिटांत मिळतं. हिची नेमणूकच सत्रापुरती. पुढच्या सत्रात ती त्या कॉलेजात असेल की नाही, हे प्राचार्यांनाही माहीत नाही, तर ते लिहून काय देणार? तासिकेवर दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्यांसाठी नियमात एक ओळ घालावी, एवढं युजीसीला कुणीतरी सुचवायला हवं. बाईमाणसांसाठी त्या नियमावलीत चांगल्या दोन गोष्टी आहेत, त्या सांगतो: बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी मिळून २४० दिवसांची रजा, आणि सहा वर्षांची मुदत वाढत-वाढत दहापर्यंत नेता येते. हे तिनं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दहा वर्षं? मग पोरगंच शिकवंल की तुला."

मागच्या आठवड्यात एजंटचा परत फोन आला. आता अडीच लाखांवर आले होते. तिनं मला न विचारताच विचारलं, "माझा गाइड कोण असेल? त्यांच्याकडं सध्या किती विद्यार्थी आहेत?"

"ते ॲडमिशननंतर कळवतो, मॅडम."

तिनं फोन ठेवला. तुम्हालाही असा फोन येईल. हप्त्याचं बोलण्याआधी हे दोन प्रश्न विचारा, आणि असंच उत्तर आलं तर फोन ठेवून जवळच्या विद्यापीठाची गाइडची यादी काढा. पेन्सिल सोबत असू द्या.