क्रोएशियनांचे नमस्कार-चमत्कार

परभाषा शिकावयास बसलेल्यानें प्रारंभ कोठून करावा, ह्याविषयीं शिक्षकांत मतभेद फार. परंतु परक्या गांवांत पाऊल टाकलेल्या माणसास पहिली गरज लागते ती नमस्काराची. भाकरी मागण्यापूर्वीं समोरच्यास हांक मारावी लागते, आणि ती कशी मारली ह्यावरून तो आपली पारख करतो. युरोपांतील क्रोएशिया ह्या देशांत हल्लीं आपल्याकडील तरुण नोकरीधंद्यानिमित्त जाऊं लागले आहेत. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें तेथील लोकसंख्या अवघी सुमारें ३९ लाख. त्या देशाच्या भाषेचे चार शिष्टाचाराचे शब्द वाचकांपुढें ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

देश दूरचा, तरी नातें दूरचें नाहीं. गोव्यांत कुंभारजुव्याजवळ गवंडाळीस संत ब्लासाचें जुनें चर्च आहे. हा संत क्रोएशियांतील दुब्रोव्निक नगराचा रक्षणकर्ता, आणि त्या नगरच्या व्यापाऱ्यांचा गवंडाळीशीं संबंध होता असें सांगतात. याहून महत्त्वाची गोष्ट विद्येची. संस्कृत व्याकरणाचें युरोपांत छापलेलें पहिलें पुस्तक १७९० सालीं रोम येथें निघालें. त्याचा कर्ता फिलिप वेझ्दिन हा क्रोएशियन कुळांत जन्मलेला ख्रिस्ती साधु. १७७६ पासून १७८९ पर्यंत तो मलबारांत राहिला होता. त्यानें आपली देववाणी शिकून घेतली. आपण तिच्याच आधारानें त्याच्या पूर्वजांची भाषा शिकूं.

दिवसां कोणी भेटल्यास 'दोबार दान' म्हणावें, सकाळीं 'दोब्रो युत्रो', संध्याकाळीं 'दोब्रा वेचेर'. 'चांगला' ह्या एकाच शब्दाचीं तीन रूपें कां, असें इंग्रजी वळणाचा विद्यार्थी विचारील. मराठी मुलास तें सांगावें लागत नाहीं. दिवस तेथें पुल्लिंगी, सकाळ नपुंसकलिंगी, संध्याकाळ स्त्रीलिंगी. चांगला, चांगलें, चांगली, तसेंच हें. निजतेवेळीं 'लाकु नोच' म्हणतात. 'लाकु' हा आपल्या 'लघु'चा आप्त आणि 'नोच' हें 'नक्तम्'चें भावंड. रात्र हलकी जावो, हा त्यांतील भाव. आणि 'इच्छितों' हें क्रियापद अध्याहृत असल्यामुळें 'लाकु' हें रूप द्वितीयेचें.

कुशल विचारतांना 'काको स्ते?' म्हणजे कसे आहांत? सलगीच्या माणसास 'काको सि?' म्हणजे कसा आहेस? 'अस्' धातूचीं 'असि' व 'स्थ' हीं रूपें ज्यानें पाठ केलीं, त्यास 'सि' आणि 'स्ते' निराळे शिकवावयास नकोत. एकट्या अनोळखी वा वडीलधाऱ्या माणसासही अनेकवचन लावावयाचें, ही चाल आपल्या 'तुम्ही'सारखीच. दुकानदारास किंवा शेजारच्या आजीबाईंस 'सि' म्हटलें, तर तें अरेतुरे ठरेल. उत्तर द्यावें 'दोब्रो, ह्वाला', म्हणजे बरा आहें, आभारी आहें. निरोपास 'दो विजेन्या', पुन्हा दृष्टिभेट होईपर्यंत. लिपि रोमन खरी, पण आपल्यासारखीच ठरलेल्या उच्चाराची. स्पेलिंगाची घोकंपट्टी नाहीं.

एकत्र कुटुंबांतील भगिनींस एक गोष्ट गोड वाटेल. ह्या भाषेंत नवऱ्याचा भाऊ 'द्येवेर', म्हणजे संस्कृत देवृ, आपला दीर. नवऱ्याचा बाप 'स्वेकार', म्हणजे श्वशुर. सून ती 'स्नाहा', म्हणजे स्नुषा. आणि दिराची बायको 'येत्र्वा', संस्कृत यातृ, आपली जाऊ! इंग्रजींत जाऊ, नणंद, भावजय आणि मेहुणी ह्या चौघींस एकच नांव. पूर्वीं तेथेंही 'झाद्रुगा' नांवाचीं मोठीं एकत्र कुटुंबें नांदत. तीं मोडलीं, शब्द राहिले.

आतां खरी अडचण. 'ह्वाला' म्हणजे आभार; मूळ अर्थ स्तुति. 'मोलिम' म्हणजे मी विनवितों. त्यांतील शेवटचा 'म' हा 'अस्मि'मधील 'मि'च्या कुळांतला. कांहीं मागतांना 'मोलिम', कोणी आभार मानल्यास उत्तरादाखल 'मोलिम', ऐकूं न आल्यास प्रश्नार्थक 'मोलिम?'. धक्का लागल्यास किंवा वाट मागतांना 'ओप्रोस्तिते', क्षमा करा. उच्चार सोपे, सवय अवघड. आपल्या घरीं सुनेनें पाण्याचा तांब्या पुढें केला असतां सासरे 'आभारी आहें' म्हणत नाहींत. म्हटलें तर तिलाच परकें वाटेल. आपला विनय क्रियापदांत असतो: दे, द्या, द्यावें. तो 'अहो'मध्यें असतो, 'काका' आणि 'मावशी'मध्यें असतो, लवलेल्या मानेंत असतो. तेथें हें मुकें सौजन्य कोणास वाचतां येत नाहीं. पाव उचलून मुकाट्यानें पैसे ठेवणारा आपला सुशील मुलगा तेथें उद्धट ठरेल, आणि कां ठरला हें त्यास कोणी सांगणार नाहीं. परमुलखांत एकट्या राहणाऱ्यास घरमालक, मुकादम आणि शेजारी ह्यांच्या मनांतील अशी अढी फार महाग पडते.

परक्यांच्या रीतीनें बोलल्यास आपलेपण जातें, अशी भीति कोणी बाळगूं नये. आमचा वाशीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. घरीं नमस्कार, शिवारांत रामराम आणि कचेरींत आदाब, असे तीन शिष्टाचार एकच गृहस्थ एका दिवसांत सांभाळी. त्यानें त्याचें मराठीपण रतिभरही उणें झालें नाहीं.

म्हणून मुलगा वा मुलगी तिकडे निघाली, कीं लोणच्याची बरणी बांधण्याआधीं वडील मंडळींनीं पंधरा दिवस एवढें करावें: पंगतींत 'मोलिम' म्हटल्याखेरीज भाजी वाढूं नये, आणि 'ह्वाला' ऐकूं आल्याखेरीज तुपाची वाटी पुढें सरकवूं नये.