बाळाच्या मेंदूतील अद्‌भुत प्रवास

बाळाचे नाक आईचे की वडिलांचे, यावर घरोघरी चर्चा रंगते. पण जन्मापूर्वी त्याच्या मेंदूत केवढी धावपळ होऊन गेलेली असते, याची आपल्याला कल्पनाही नसते!

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. विचार, भाषा, स्मरण सांभाळणाऱ्या बाहेरच्या थरातील चेतापेशी मात्र तिथे जन्मलेल्या नसतात. त्या मेंदूच्या आतील पोकळीच्या कडेला तयार होतात आणि सरकत सरकत बाहेर येतात. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत हा प्रवास जोरात चालतो.

वाट कशी सापडते?

वेलीने मांडवाच्या काठीला धरून वर चढावे, तशा यातील बहुतेक पेशी लांबलचक आधारपेशींना धरून पुढे जातात. शास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भाचा मेंदू अभ्यासून हे दाखवले. आधी आलेल्या पेशी खाली थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. असे सहा थर रचले जातात.

या प्रवासाची सूत्रे जनुकांच्या हाती असतात. झोकांड्या खात चालणाऱ्या एका जातीच्या उंदरांची नोंद डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये केली होती. त्यांच्या मेंदूतील थरांची उलटापालट झालेली आढळली. त्यामागचे ‘रीलिन’ हे जनुक १९९५ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे प्रथिन पेशींना योग्य जागी स्थिरावण्यास मदत करते.

प्रवास अडला तर?

‘लिस-१’ (१९९३) आणि ‘डबलकॉर्टिन’ (१९९८) ही माणसातील दोन जनुके अशीच महत्त्वाची. त्यांत बिघाड झाल्यास पेशी वाटेतच अडकतात. मग मेंदूवर नेहमीच्या वळ्या पडत नाहीत, तो गुळगुळीत राहतो. अशा बाळाला फिट्स येतात, मान धरणे, बसणे, बोलणे मागे पडते. डबलकॉर्टिन ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. मुलींमध्ये अशी दोन गुणसूत्रे असल्याने काही पेशी मुक्कामी पोहोचतात, काही अर्ध्यावर थांबतात. म्हणून त्यांना त्रास बहुधा मुलांपेक्षा कमी होतो.

दोष आईचा नव्हे

असे मूल जन्मले की बोट आईकडे वळते. ग्रहणात भाजी चिरली असेल, काही खाल्ले असेल! या बोलण्याला काहीही आधार नाही. लिस-१ मधील बिघाड बहुतेक वेळा त्या बाळातच नव्याने उद्भवलेला असतो, आईवडिलांत नसतो. डबलकॉर्टिनचा बिघाड आईकडून येऊ शकतो, पण तोही तिच्या हातून घडलेला नसतो.

अडकलेल्या पेशींना पुढे नेणारे औषध नाही. फिट्सवरील औषधे आणि व्यायामोपचार यांचा मात्र आधार मिळतो. एमआरआय व जनुकीय तपासणीने कारण कळू शकते. पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी पतिपत्नींनी जनुकतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. दारू आणि काही विषाणूंचा संसर्गही या प्रवासात अडथळा आणू शकतो. म्हणून गर्भारपणात दारू पूर्ण वर्ज्य करावी आणि वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी.

घरच्यांनी मात्र एवढे करावे : त्या आईला बोल लावू नये, तिच्या पाठीशी उभे राहावे.