घड्याळाची चावी कोणाच्या हाती?

मराठी शिकवणाऱ्याला शब्दांचे कूळमूळ शोधायची खोड असते. आता 'कुलूप' हाच शब्द घ्या. अरबी 'कुफ्ल' मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि त्याचे कुलूप होऊन बसले. 'चावी' आली पोर्तुगीजांबरोबर. हे अरबी कुलूप आणि ही पोर्तुगीज चावी आपल्या घरात कित्येक पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत आहेत. गंमत अशी, की चावी आपण कुलपाला लावतो, तशी घड्याळालाही देतो. आजचा विषय या दोहोंच्या सांध्यावरचा आहे : घड्याळ आणि त्याचे कुलूप. मात्र हे घड्याळ भिंतीवरचे नव्हे, मनगटावरचेही नव्हे. ते तुमच्या खिशातल्या मोबाईल फोनच्या पोटात आहे.

मी जव्हारला महाविद्यालयात शिकवतो. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेला माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात फोनच्या 'कर्नेल'वर काम करतो. सैन्यातला कर्नल निराळा. बदामाच्या आत जसा गर, तसा संगणकाच्या साऱ्या कारभाराचा हा गाभा. कोणत्या यंत्रभागाला कधी जागे करायचे, कधी झोपवायचे, कोणाला किती वेळ द्यायचा, हे सगळे तो ठरवतो. अँड्रॉइड फोनमधला गाभा म्हणजे लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स. मे महिन्यात हा माझा विद्यार्थी गावी आला असता मी त्याला विचारले, "अरे, तू तिथे नेमके करतोस तरी काय?"

"सर, मी तारप्याला कुलूप लावतो," तो हसत म्हणाला.

तारपा आमच्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. शहरातल्या वाचकांनी तो निदान वारली चित्रांत पाहिला असेल : मधोमध तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचे वेटोळे. तारप्याचा सूर बदलला की साऱ्यांचे पाऊल बदलते. फोनमधला तारपकरी म्हणजे स्फटिकाचा एक बारीकसा तुकडा. तो सेकंदाला, उदाहरणार्थ, २ कोटी ४० लाख ठोके देतो आणि फोनमधला प्रत्येक भाग त्या ठोक्यावर पाऊल टाकतो. याच ठोक्याला तिथले लोक 'क्लॉक' म्हणतात.

पण सगळ्यांना एकच लय पुरत नाही. पडद्याची लय वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, आवाजाची वेगळी. म्हणून एक मंडल मूळ ठोके कित्येक पटींनी वाढवते, दुसरे त्यांना भागून कमी करते आणि फांद्याफांद्यांनी ते सगळीकडे पोहोचतात. मुंबईकरांना हे चटकन कळावे. त्यांच्या नळाच्या पाण्याचा काही वाटा मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून जातो. (त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ते दुःख निराळे.) धरणापासून मोठी वाहिनी, तिला शाखा, शाखेला उपशाखा आणि ठिकठिकाणी व्हॉल्व्ह. फोनमधल्या ठोक्यांचीही रचना अशीच. तिला घड्याळांचा वृक्ष म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, सगळे व्हॉल्व्ह उघडेच ठेवावेत, म्हणजे भांडण नको. पण ठोका आला की तो भाग काम नसतानाही थोडी वीज खातो. व्हॉल्व्ह कायमचे उघडे ठेवले तर बॅटरी भरभर उतरेल. पुण्यामुंबईत त्याची फारशी फिकीर नाही. हाताशी वीज आहे. आमच्याकडे आषाढातल्या पावसात वीज जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा नको असलेला ठोका बंद करणे आलेच. आणि खरी मेख तिथेच आहे, कारण एका शाखेवर गिऱ्हाइके अनेक असतात. कॅमेऱ्याचे काम संपले म्हणून त्याने शाखा बंद केली आणि त्याच शाखेवर पडदा चालू असला, तर काय होणार? पुष्कळदा ठोका नसलेल्या भागाला हाक मारली की हाक मारणाराही उत्तराची वाट पाहत तसाच गोठतो, आणि फोन 'हँग' होतो.

यावर उपाय साधा : वही ठेवायची. जो येईल त्याने आकडा एकाने वाढवायचा, जाईल त्याने एकाने कमी करायचा. शून्य झाले तरच व्हॉल्व्ह बंद. पण आजच्या फोनमध्ये चार-चार, आठ-आठ प्रक्रियक एकाच वेळी काम करतात. वहीत १ लिहिलेले आहे. दोघेजण एकदमच आले, दोघांनीही १ वाचला, दोघांनीही २ लिहिला. खरे गिऱ्हाईक तीन, वहीत मात्र दोन! पुढे दोघे निघून गेले की वहीत शून्य, व्हॉल्व्ह बंद, आणि तिसरा कोरडा. म्हणून वहीला कुलूप हवे : एका वेळी एकानेच उघडायची. या प्रश्नाची रीतसर मांडणी आणि सोडवणूक एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केली.

कुलपेही दोन जातींची असतात. पहिल्या जातीत, आत कोणी असले तर बाहेरचा ओसरीवर झोपून जातो. आतला बाहेर आला की त्याला उठवले जाते. दुसऱ्या जातीत बाहेरचा झोपत नाही. दारातच उभा राहून कडी वाजवत राहतो. हे दुसरे कुलूप क्षणभराच्या कामालाच परवडते. शिवाय ते हाती असताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. आत असलेल्यालाच मध्येच एखादी तातडीची हाक आली आणि त्या हाकेच्या कामालाही तेच कुलूप हवे असले, तर तो स्वतःच्याच दाराची कडी जन्मभर वाजवत बसेल. म्हणून हे कुलूप हाती असेपर्यंत त्या प्रक्रियकाने तातडीच्या हाका ऐकायच्याच नाहीत.

पूर्वी फोनच्या चिपा बनवणारी प्रत्येक कंपनी ही व्यवस्था आपापल्या पद्धतीने लिहीत असे. जेरेमी कर यांनी सुरू केलेले आणि माइक टर्केट यांनी तडीस नेलेले एक सामाईक बांधकाम २०१२ साली लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत आले. त्यात दोन्ही जातींची कुलपे आहेत. ठोके वाढवणारे मंडल स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून 'तयारी' हे काम पहिल्या, झोपू देणाऱ्या कुलपाखाली. नुसता व्हॉल्व्ह फिरवणे निमिषाचे, म्हणून 'चालू' हे काम दुसऱ्या कुलपाखाली. आधी तयारी, मग चालू. आवरताना आधी बंद, मग तयारीची आवराआवर.

"पण साऱ्या वृक्षाला मिळून एकच तयारीचे कुलूप?" मी विचारले. "फांदीफांदीला वेगळे असते तर कोणाचा खोळंबा झाला नसता."

"सर, आपला घाट आठवा," तो म्हणाला. "रस्ता अरुंद असला की वर जाणारी गाडी आणि खाली येणारी गाडी वळणावर समोरासमोर अडकतात. इथे चालू करण्याचे काम पानाकडून मुळाकडे चढते, कारण आधी मुळाला ठोका हवा. लय बदलण्याचे काम मुळाकडून पानांकडे उतरते. दोघे फांदीफांदीचे कुलूप धरत निघाले, की मध्ये कुठेतरी एकमेकांची वाट अडवून बसणार. त्यापेक्षा एका वेळी एकच गाडी सोडलेली बरी. खोळंबा होतो खरा, पण कोंडी होत नाही."

एवढे करूनही सगळे भागले नाही. काही ठोके चिपेबाहेरच्या दुसऱ्या चिपेतून येतात. तिच्याशी बोलायला दोन तारांची वाट असते आणि त्या वाटेलाही ठोका लागतो! म्हणजे कुलूप हाती धरून कामाला निघालेला माणूस मध्येच पुन्हा तेच कुलूप मागणार आणि स्वतःचीच वाट पाहत बसणार. त्यासाठी २०१३ साली कुलपावर धारकाचे नाव नोंदवण्याची सोय झाली. तोच माणूस परत आला तर त्याला आत घ्यायचे आणि किती वेळा आत आला ते मोजायचे.

त्याहून कठीण प्रसंग दोन कुलपांचा. एकत्र कुटुंबातल्या दोन जावांचे उदाहरण घ्या. थोरलीच्या हाती कोठीची किल्ली, धाकटीच्या हाती धान्याचे माप. दोघींनाही दोन्ही हवे, आणि हातातले कोणीच सोडत नाही. चूल पेटणार कशी? लिनक्समध्ये हेच घडत होते. फोन किंवा संगणक सुरू होताना गाभा नको असलेले ठोके शोधून बंद करतो. त्यासाठी तो तयारीचे कुलूप धरी आणि एखादा यंत्रभाग जागा होण्याची वाट पाही. त्याच वेळी तो यंत्रभाग जागा होता होता तयारीच्या कुलपाची वाट पाहत बसे. दोघेही तिथेच. स्टीफन बॉइड यांनी २०२४ साली दुरुस्ती केली ती क्रमाची : आधी यंत्रभागांना जागे करा, मग कुलूप धरा. सासूबाईंनी घरात नियमच घालून द्यावा, की आधी किल्ली घ्यायची, मगच मापाला हात लावायचा. मग कोणाचीही चूल अडत नाही.

हा क्रम मोडतो आहे की काय हे पाहायला इंगो मोलनार यांनी २००६ साली गाभ्यात एक पहारेकरी बसवला. कोणी कोणत्या कुलपानंतर कोणते धरले, हे तो टिपत राहतो. उलट क्रम दिसताच, प्रत्यक्ष कोंडी व्हायच्या आधीच, तो ओरडतो. तपासणीच्या वेळीच त्याला कामावर ठेवतात, कारण त्याच्या टिपणाने काम मंदावते.

"म्हणजे तुझे काम बंद करण्याचे," मी म्हणालो.

"हो सर. चालू करणे सोपे असते. बंद करण्याआधी विचारावे लागते, अजून कोणाला हवे आहे का?"

वाचकहो, या साऱ्याचा हिशेब शेवटी कुठे लागतो ते सांगतो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर पावसाची रात्र आहे. दुपारपासून वीज नाही. आशाताईंचा फोन सकाळी चार्ज केलेला, दिवसभर पदराशी. बाळंतीण अडली आहे आणि १०८ क्रमांकाला फोन करायचा आहे. दिवसभर न लागणारे ठोके बंद राहिले म्हणून त्या फोनमध्ये अजून धुगधुगी आहे. आता बटण दाबताच पडदा, आवाज आणि संदेशवहन या साऱ्यांचे ठोके एकामागून एक सुरू झाले पाहिजेत, आणि कोणीही कोणाची वाट अडवता कामा नये. रेंज असली आणि फोन लागला, तर आशाताई पलीकडच्या माणसाला पाड्याचे नाव सांगू लागतात. मधली कुलपे त्यांना दिसत नाहीत, आणि दिसायचे काही कारणही नाही.