चूक मुलाची की तारेची?

पूर्वी सुशिक्षित घरांतून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पेटी असे. आता पुष्कळ घरी तिच्या शेजारी डिजिटल पियानो येऊन बसला आहे, आणि गुरुजींच्या जागी टॅबलेटमधील शिकविणारे अ‍ॅप आले आहे. पडद्यावर स्वरांच्या खुणा सरकत येतात, मुलाने त्याबरहुकूम पट्टी दाबावयाची, आणि बरोबर की चूक हे यंत्राने तत्काळ दाखवावयाचे, अशी त्याची रीत. सोय खरोखरी चांगली आहे. परंतु तिच्यापायी घरोघर एक नवीच तक्रार उद्भवली आहे. मूल म्हणते, 'मी बरोबर वाजविले'. यंत्र म्हणते, 'चुकले'. आणि यंत्र खोटे कसे बोलेल, अशा समजुतीने वडील मंडळी यंत्राचा पक्ष घेतात. दहापाच दिवस असे झाले म्हणजे मूल त्या वाद्याकडे फिरकेनासे होते. वस्तुतः दोष पुष्कळदा मुलाच्या बोटांत नसून पियानो व टॅबलेट यांमधील दुव्यात असतो.

हा दुवा चालतो कसा, हे प्रथम पाहू. पियानोतून तारेने टॅबलेटकडे जातो तो आवाज नव्हे. अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली, आता सोडली, एवढा मजकूर तेवढा जातो. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेला कागद टपालाने परगावी धाडावा व तेथील मनुष्याने तो वाचून चीज ओळखावी, तसलाच हा प्रकार आहे. ह्या लेखनपद्धतीस 'मिडी' म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकत नसत, ती अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानातील इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि १९८३ च्या जानेवारीत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. ह्या कामगिरीबद्दल २०१३ साली त्या दोघांस ग्रॅमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. मिडीत स्वरांस ० ते १२७ असे क्रमांक असतात. ८८ पट्ट्यांच्या पियानोत अगदी डावीकडील पट्टीचा क्रमांक २१, अगदी उजवीकडील पट्टीचा १०८, आणि मधल्या 'सी'चा ६०. हा साठाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. पियानोचा आवाज पूर्ण बंद करून पट्टी दाबावी. अ‍ॅपने ती तरीही ओळखली, तर मजकूर पोहोचतो आहे. न ओळखली, तर अ‍ॅप इतके दिवस टॅबलेटच्या मायक्रोफोनने नुसते कान देऊन ऐकत होते असे समजावे. आणि एकत्र कुटुंबाच्या घरात त्या कानांत पियानोबरोबर कुकरची शिटी, पंखा व दूरदर्शनवरील बातम्या हेही शिरणारच. दुसरी परीक्षा म्हणजे मिडीचे क्रमांक दाखविणारे एखादे विनामूल्य अ‍ॅप घेऊन मधला 'सी' दाबणे. ६० उमटले, तर पियानो व तार दोन्ही निर्दोष. गोंधळ शिकविणाऱ्या अ‍ॅपच्या मांडणीत शोधावा. काहीच उमटले नाही, तर वाट तुटली आहे.

वाट तुटण्याचे नेहमीचे कारण क्षुल्लक असते. काही केबलींतून केवळ वीज जाते, मजकूर जाण्याच्या तारा त्यांत नसतातच. फोनबरोबर आलेली कोणतीही केबल हाताशी लागली म्हणून लावली, की हा घोटाळा होतो. त्या केबलीने फोनमधील छायाचित्रे संगणकावर उतरविता येतात का, एवढे पाहिले की उलगडा होतो. पियानोच्या मागे दोन छिद्रे असली, तर पेनड्राइव्हचे चपटे छिद्र ह्या कामाचे नव्हे. 'टू होस्ट' असे लिहिलेले, बहुधा चौकोनी, तेच खरे. त्याला प्रिंटरची केबल लागते. टॅबलेटच्या बाजूस जोडणीचा लहान तुकडाही बहुधा लागतो. वाद्य दुरुस्तीस नेण्यापूर्वी ह्या थोड्या रुपयांच्या वस्तू बदलून पाहाव्यात.

बिनतारी ब्लूटूथने जोडणाऱ्यांची फसगत निराळी. तेथे एकाच नावाचे दोन रस्ते आहेत. एकाने टॅबलेटमधील गाणे पियानोच्या कर्ण्यांतून ऐकू येते. दुसऱ्याने मिडीचा मजकूर जातो. टॅबलेटवर 'जोडले' असे दिसले म्हणून मनुष्य निश्चिंत होतो, पण जोडलेला असतो तो पहिलाच रस्ता. दुसरा पुष्कळदा अ‍ॅपच्या आतूनच जोडावा लागतो. शिवाय हा दुसरा रस्ता सहसा एका वेळी एकालाच मिळतो. थोरल्या दादाचा फोन आधीच चिकटून बसला असेल, तर धाकट्याला दार बंद.

आता साठाऐवजी ६१ उमटले तर? हा दोष मला सर्वांत मौजेचा वाटतो, कारण तो आपल्या घरांत हमखास घडण्याजोगा आहे. आजोबांचा आवाज काळी एकचा. संध्याकाळी भजनासाठी ते पियानोवर 'ट्रान्सपोज'ची कळ एक पायरी चढवितात, म्हणजे पांढरी एक दाबून काळी एक वाजते. भजन यथास्थित पार पडते, कळ मात्र तशीच राहते. पुष्कळ वाद्यांत आवाजाबरोबर पाठविला जाणारा क्रमांकही बदलतो. आणि काही वाद्ये बंद केल्यावरही हा बदल स्मरणात ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नात धड्याला बसते आणि तिचा एकूण एक स्वर चुकीचा ठरतो. ओळखण्याची खूण हीच: खरोखर चुकणारे मूल अधूनमधून चुकते, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक स्वर चुकत नाही. क्रमांकात बाराचा फरक पडून ४८ किंवा ७२ दिसले, तर सप्तक सरकले आहे.

मूल तालात मागे पडते अशी तक्रार असेल, तर ते ब्लूटूथचे कर्णयंत्र लावून वाजवीत नाही ना, हे पाहावे. त्यातून आवाज क्षणभर उशिरा येतो. साथ ऐकून वाजविणाऱ्याची पट्टी मग तितकीच उशिरा पडते, आणि यंत्र त्याला बेताल ठरविते. साधे, तारेचे कर्णयंत्र पियानोस व टॅबलेटास पालटून लावून पाहिले, म्हणजे उशीर नक्की कोठे होतो ते समजते.